मामांचा सोळा पानी कायदा

फौजदारी कायद्याची एकूण पानं किती, हे मामांना ठाऊक नव्हतं. पण त्यातली सोळा पानं त्यांना तोंडपाठ होती. पान एकशे एकसष्ट ते पान एकशे शहात्तर. त्याच्या अलीकडे काय लिहिलंय आणि पलीकडे काय, याच्याशी त्यांचा संबंध नव्हता, आणि संबंध नसलेल्या गोष्टीत नाक खुपसायचं नाही असा त्यांचा बाणा होता. बुधवारपासून शनिवारपर्यंत जो घोळ झाला तो सगळा सतराव्या पानामुळे झाला.

मामा एका छापखान्यात प्रूफं तपासायचे. म्हणजे पुस्तक छापायच्या आधी त्याचे कच्चे कागद घ्यायचे आणि लाल पेनाने चुका काढायच्या. शाळेत हेच काम करणाऱ्या माणसाला अख्खी शाळा टरकून असते. छापखान्यात त्याला कोणी चहासुद्धा विचारत नाही. कायद्याचं ते जाडजूड पुस्तक घाईचं होतं, म्हणून मालकांनी ते सगळ्यांत वाटून टाकलं. प्रत्येकाला एक फर्मा. एका मोठ्या कागदावर छापून त्याची घडी घातली की सोळा पानं होतात, तो फर्मा. मामांच्या वाट्याला अकरावा आला. त्यात चोरी होती आणि चोरीचा माल होता, अगदी साग्रसंगीत. फक्त शेवटच्या पानाची शेवटची ओळ अर्धवट होती. ‘मात्र असा माल परत मिळवताना जर मालकाने स्वतःच’ एवढ्यावर पान संपलं, फर्मा संपला आणि मामांची जबाबदारीही संपली.

त्या मालकाने स्वतःच काय केलं, ते बाराव्या फर्म्यात होतं आणि बारावा फर्मा शेजारच्या टेबलावर होता. हात लांब केला असता तरी मिळाला असता. पण त्या टेबलावर बसणाऱ्या माणसाशी मामा नऊ वर्षं बोलत नव्हते. दोघांमध्ये मिळून एकच पंखा होता. नऊ वर्षांपूर्वी त्याची मान फिरायची थांबली, आणि थांबली ती नेमकी त्या माणसाकडे तोंड करून. मामांचं म्हणणं, थांबली नाही, थांबवली. तेव्हापासून मामा त्याला नावाने न ओळखता ‘पुढचा’ म्हणायचे, कारण त्याचं टेबल पुढे होतं. तोही मामांचा उल्लेख ‘मागचे’ असा करायचा. कामाचे कागद एकमेकांच्या टेबलावर सरकवताना दोघं खिडकीबाहेर बघायचे.

आता हा कायदा मोबाईलवर दोन मिनिटांत सापडला असता हे कोणीही सांगेल. मामींनी सांगितलंही होतं. पण मोबाईलवरच्या मजकुरात ओळीओळीला चुका असतात, आणि चुका असलेला कायदा पाळायला मामा तयार नव्हते.

तर मामांची सायकल. ती हिरवी होती. म्हणजे घेतली तेव्हा हिरवी होती. पुढे रंग गेला, मग सीट फाटली, तेव्हा मामींनी पिवळ्या फुलांच्या उरलेल्या कापडाचं टोपडं शिवून सीटला चढवलं. घंटी वाजत नव्हती, पण चेन वाजायची, त्यामुळे भागत होतं. दिवसभर ती छापखान्याच्या अंगणात असायची आणि संध्याकाळी मामांच्या खांद्यावर बसून दोन जिने चढून घरी यायची, कारण खाली चोर असतात असं मामांचं मत. घरातली तिची जागा ठरलेली होती. बाहेरच्या खोलीत, खिडकीखाली, वर्तमानपत्र अंथरून. घरातला सगळ्यात चांगला उजेड तिथे यायचा आणि गेली अकरा वर्षं तो सायकल खात होती.

मामी कपडे बेतून द्यायच्या. तयार कपड्यांच्या एका दुकानाचे फ्रॉक आणि शर्ट त्या निळ्या खडूने कापडावर आखायच्या आणि हातभर कात्रीने कापायच्या. फरशीवर गुडघे टेकून, खोलीच्या अंधाऱ्या अर्ध्या भागात. मधूनच सायकलीचं काळं ग्रीस कापडाला लागायचं आणि तो फ्रॉक मामींच्या अंगावर पडायचा. म्हणजे घालायला नव्हे, भरून द्यायला. गुडघे कुरकुरायला लागले तशा त्या म्हणू लागल्या की खिडकीपाशी एक उंच टेबल हवं, ती सायकल हलवा. मामा म्हणायचे, ‘बघू.’ ते ‘नाही’ असं कधीच म्हणाले नाहीत, तो त्यांचा स्वभावच नव्हता. पण अकरा वर्षं त्यांनी एवढं बघितलं की तेवढ्यात दुसरा एखादा जग बघून आला असता.

बुधवारी पाच वाजता मामा छापखान्यातून बाहेर आले तर अंगणात सायकल नाही. कुलूपही नाही. दुसरा कोणी असता तर आरडाओरडा केला असता. मामा आधी गंभीर झाले, आणि मग, खोटं कशाला सांगायचं, थोडे खूश झाले. आपण जो एकच धडा वाचून गेलोय नेमका त्याच्यावरच प्रश्न आला की जसं होतं, तसं त्यांना झालं. ते छाती पुढे काढून तडक पोलीस ठाण्यात गेले.

ठाण्यात तक्रारी लिहून घ्यायला एक अंमलदार बाई बसल्या होत्या. त्यांचं काम दहा मिनिटांचं होतं. मामांनी त्याला दोन तास लावले. सदर जंगम मालमत्ता माझ्या ताब्यातून माझ्या संमतीवाचून हलवण्यात आली, असं त्यांनी सांगायला सुरुवात केली. बाईंनी विचारलं, सायकलच ना. मामा म्हणाले, हो, पण कायद्याच्या दृष्टीने जंगम मालमत्ता. बाईंनी सायकल लिहिलं. रंग विचारला तर मामा म्हणाले मूळचा हिरवा. आत्ताचा विचारला तर मामा विचारात पडले. ओळखीची खूण म्हणून त्यांनी पिवळी फुलं सांगितली, तेव्हा बाईंनी पेन थांबवून एकदा त्यांच्याकडे नीट बघून घेतलं.

लिहून झाल्यावर बाईंनी कागद सहीसाठी पुढे सरकवला. मामांनी सवयीने खिशातून लाल पेन काढलं आणि चुका काढल्या. कागद बघता बघता गोवर आल्यासारखा दिसायला लागला. बाईंनी तो पुन्हा लिहिला. मामांनी पुन्हा तपासला. तिसऱ्यांदा लिहिताना बाई म्हणाल्या, एकच गोष्ट विचारायची राहिलीय, संशय कोणावर आहे का. मामांनी क्षणभरही विचार न करता सांगितलं की शेजारच्या टेबलावर बसणाऱ्या इसमावर. कारण? नऊ वर्षांपूर्वी त्याने पंखा घेतला, सायकल घ्यायला कितीसा वेळ.

त्या दिवशी मामींनी चहा आधीच करून ठेवला होता, सोबत बिस्किटं मांडून ठेवली होती आणि साडीच्या पदराशी चाळा करत दारातच उभ्या होत्या. यातलं एरवी काहीच होत नाही. पण मामांचं लक्ष नव्हतं.

‘अहो, ऐका ना,’ मामी म्हणाल्या. ‘त्या सायकलीचं...’

‘चोरीला गेली,’ मामा बूट काढत म्हणाले. ‘तू काळजी करू नकोस. लेखी तक्रार देऊन आलोय. चोर आता सुटत नाही.’

मामी होत्या तिथेच मटकन बसल्या. मामांना वाटलं, बाईमाणसाला धक्का बसला.

मामींना पुढे काही बोलायला मिळेना, कारण बातमी जिन्यातून मामांच्या आधीच वर-खाली गेली होती. खालचे काका आले. त्यांनी आयुष्यभर घरोघर विजेचे मीटर वाचले होते, त्यामुळे कोणाच्या घरात काय चालतं याबद्दल ते अधिकारवाणीने बोलायचे. ते म्हणाले, चोरीचा माल तीन दिवस दडवून ठेवतात आणि चौथ्या दिवशी जुन्या सामानाच्या दुकानात येतो, म्हणजे शनिवारी. आणि काही झालं तरी सायकल पोलिसांना सापडू देऊ नका. त्यांना सापडली की ती पुरावा म्हणून ठाण्याच्या मागच्या आवारात जाते, तिथे खटला संपेपर्यंत उभी राहते आणि तिच्या चाकांतून झाडं उगवतात. काकांनी स्वतः एक पेरूचं बघितलं होतं, फळं धरलेलं.

समोरच्या मावशी म्हणाल्या, चोर कधी बाहेरचा नसतो. त्यांच्या नणंदेची इस्त्री गेली ती सख्ख्या जावेकडे सापडली, आणि वर गरम होती. चोर ओळखायची युक्ती अगदी सोपी आहे, चोरी झाल्यावर कोणाची भूक मरते तेवढं बघायचं.

मामींनी पटकन एक बिस्कीट तोंडात टाकलं.

काकांनी शिक्षा किती होते विचारलं. मामा या प्रश्नाची वाटच बघत होते. पान एकशे चौसष्ट, मधला परिच्छेद, तीन वर्षांपर्यंत कैद. मामींनी बिस्कीट कसंबसं गिळून विचारलं, आणि समजा घरातल्याच कोणी नेली असेल तर काही सूट वगैरे असते का. मामांनी डोळे मिटून पान एकशे सहासष्ट वरपासून खालपर्यंत मनातल्या मनात वाचलं आणि म्हणाले, सूट दिसत नाही. मग डोळे उघडून म्हणाले, पण प्रश्न चांगला आहे.

गुरुवारी मामींनी दोनदा आणि शुक्रवारी तीनदा ‘अहो, ऐका ना’ म्हणून बघितलं. पण मामांचा भाव एवढा वाढला होता की घरात सारखं कोणी ना कोणी असायचं. आयुष्यात पहिल्यांदा लोक त्यांना प्रश्न विचारत होते आणि त्यांना उत्तरं येत होती. त्यातून एक शब्द आत सरकवायचा तरी कसा. शुक्रवारी मामींनी एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्या बेतल्या.

शनिवारी छापखाना अर्धा दिवस. मामा पायी पायी जुन्या सामानाच्या दुकानापाशी गेले. आत तीन पायांच्या खुर्च्या, दार नसलेली कपाटं आणि कपाट नसलेली दारं होती. आणि या सगळ्यांच्या मधोमध, भिंतीला टेकून, पिवळी फुलं.

मामांचा हात आपोआप टोपड्याकडे गेला. तो त्यांनी मागे घेतला, कारण पान एकशे पंचाहत्तरची वेळ झाली होती. चोरीचा माल मूळ मालकाच्या ताब्यात परत आला की तो चोरीचा माल राहत नाही, असं त्या पानावर स्वच्छ छापलेलं होतं. म्हणजे पोलिसांकडे जायलाच नको. पेरूचं झाड उगवायला नको. फक्त ताबा मिळवायचा. अडचण एवढीच की सायकल आणि मामा यांच्यामध्ये दुकानदार उभा होता आणि तो दुकानातल्या कुठल्याही कपाटापेक्षा रुंद होता.

मामांनी घसा साफ केला आणि आपल्याला सायकल घ्यायची आहे, एक चक्कर मारून बघू का, असं विचारलं. दुकानदार म्हणाला, बघा की, पण काहीतरी ठेवून जा. मामांनी हातातली छत्री ठेवली.

‘चेन वाजते बरं का तिची,’ दुकानदार म्हणाला.

‘ठाऊक आहे मला,’ मामा म्हणाले, आणि निघाले.

पहिल्या वळणापर्यंत ते गिऱ्हाईक होते. दुसऱ्या वळणानंतर मालक झाले. तिसऱ्या वळणावर त्यांच्या लक्षात आलं की आपण शीळ घालतोय. त्या ‘स्वतःच’ नंतर पुढे काय असेल बरं, असा एक विचार एकदा डोक्यात डोकावून गेला. पण रस्ता उताराचा होता आणि ब्रेक तसेही लागत नव्हते.

इथे त्या छत्रीबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. मामा आपल्या प्रत्येक वस्तूवर नाव-पत्ता लिहायचे. चष्म्याच्या डबीवर, डब्याच्या झाकणावर, पट्टीवर. छत्रीच्या दांड्याला त्यांनी एक कागद चिकटवला होता आणि त्यावर टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं की ही छत्री सापडल्यास कृपया पुढील पत्त्यावर आणून द्यावी. त्याखाली गल्ली, इमारत, मजला, आणि घंटी बंद असल्यामुळे दार जोरात ठोठावावे. नाव नव्हतं ते फक्त सायकलीवर, कारण लिहायला तिच्यावर रंगच उरला नव्हता.

गल्लीत मामांचं स्वागत झालं. खालच्या काकांनी टाळ्या वाजवल्या आणि शनिवार आपणच सांगितला होता हे तिघांना सांगितलं. मामांनी सायकल खांद्यावर घेतली, दोन जिने चढले आणि ती खिडकीखाली ठेवली. मामी फरशीवर एक फ्रॉक आखत होत्या. त्यांच्या हातातल्या खडूचे दोन तुकडे झाले.

‘परत आणलीत?’ त्या म्हणाल्या. चोरीला गेलेली वस्तू परत मिळाल्यावर माणूस ज्या आवाजात बोलतो, तो आवाज हा नव्हता. ‘अहो, आता तरी माझं ऐका.’

तेवढ्यात कोणीतरी दार ठोठावलं. जोरात.

दारात दुकानदार होता, त्याच्या मागे एक हवालदार आणि त्याच्या मागे जिन्यात बसेल तेवढी गल्ली. दुकानदाराने आधी छत्री दिली, कारण तसं लिहिलेलंच होतं. मग त्याची नजर आत गेली आणि त्याचा चेहरा उजळला.

‘ताई, तुम्ही इथे राहता होय? तुम्ही न्यायला याल म्हणून तुमचं टेबल बांधून ठेवलंय बघा. पण तुम्ही बदल्यात दिलेली सायकल एक म्हातारा चक्कर मारतो म्हणून घेऊन पळाला.’ एवढं बोलून त्याने मामांकडे बघितलं, मग सायकलीकडे, मग पुन्हा मामांकडे. ‘हाच तो.’

मामांना दोन धक्के एकदम बसले. त्यातला म्हातारा या शब्दाचा त्यांना आधी जाणवला.

मग सगळं बाहेर आलं. कापड बेतायला लागतं तसं उंच टेबल मामींना त्या दुकानात दिसलं होतं. दुकानदार म्हणाला, बदल्यात काही जुनं असेल तर आणा. मामींच्या डोळ्यांपुढे एकच जुनी वस्तू आली. पण सायकल घरात असते तेव्हा मामाही घरात असतात, आणि मग बघू. म्हणून बुधवारी दुपारी त्यांनी दुकानदाराला दुसरी किल्ली दिली आणि छापखान्याच्या अंगणात पाठवलं. संध्याकाळी चहाबरोबर सगळं सांगून टाकायचं ठरवलं होतं. चहा तर करूनच ठेवला होता.

हवालदार म्हणाला, सगळे चला, सायकलसुद्धा.

ठाण्यातल्या बाकावर आधीच एक ओळखीची पाठ बसलेली होती. पुढचा. संशयित म्हणून त्याला त्याच दुपारी बोलावलं होतं. त्याने अंमलदार बाईंना सांगून टाकलं होतं की बुधवारी आपल्या खिडकीतून आपण सगळं बघितलं, एक रुंद माणूस आला, किल्लीने कुलूप उघडलं आणि सायकल घेऊन गेला. मग त्याच दिवशी यांना का नाही सांगितलंत, असं बाईंनी विचारलं. पुढचा म्हणाला, आमचं बोलणं नाही.

बाईंनी दोन कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एक मामांचा, तिसऱ्यांदा लिहिलेला. दुसरा दुकानदाराचा, त्यात सायकलीचं वर्णन ‘खटारा, फुलाफुलांची’ एवढंच होतं.

‘काका,’ बाई म्हणाल्या, ‘आता पानं-बिनं काही सांगू नका. एकच सांगा. तुमची सायकल चोरीला गेली होती की नव्हती? गेली असेल, तर कोणी नेली ते सगळ्यांना कळलंय, या बाईंचं नाव मला लिहावं लागेल. नसेल गेली, तर या दुकानदाराला फसवून त्याचा माल तुम्ही पळवलात, मग तुमचं नाव लिहीन. दोन्ही कागद खरे असू शकत नाहीत.’

मामांना उत्तर येत होतं. हीच तर पंचाईत होती. ताबा मामांचा होता, संमती दिलेली नव्हती, वस्तू जागची हलवली होती. पान एकशे बासष्टवर सगळं ओळीने मांडलेलं होतं आणि ते जसंच्या तसं लिहिलं असतं तर कोणीही पैकीच्या पैकी गुण दिले असते. मामांनी तोंड उघडलं आणि त्यांचं लक्ष मामींकडे गेलं. मामी भिंतीला एक हात टेकून उभ्या होत्या. बाकावर जागा होती, पण बाक बुटका होता आणि एकदा बसल्यावर उठताना गुडघे ऐकले नसते. भिंतीवर जिथे त्यांचा हात होता तिथे चार निळी बोटं उमटली होती. या बाईला खाली बसायला त्रास होतो, हे मामांना ठाण्यात कळलं. घरात सायकल मध्ये येत होती.

‘चोरीला गेली नव्हती,’ मामा म्हणाले. ‘मी संमती दिली होती.’

‘कधी?’

‘अकरा वर्षांपूर्वी. तेव्हापासून रोजच देतोय. बघू म्हणतो ना मी.’ त्यांनी चष्मा काढून पुसला. ‘फसवणूक मी केली. लिहा माझं नाव.’

‘काही लिहू नका,’ मामी भिंत सोडून पुढे आल्या. ‘किल्ली मी दिली होती. त्यांना काही कळत नाही, ते नुसते वाचतात.’

मग दोघांची जुंपली. गुन्हा माझा की तुझा, यावर मामा-मामी असे भांडले की अंमलदार बाईंनी पेन खाली ठेवून गालावर हात ठेवला. इतक्या वर्षांच्या नोकरीत गुन्हा अंगावर ओढून घेण्यावरून झालेली मारामारी त्या पहिल्यांदाच बघत होत्या. शेवटी त्यांनी टेबलावर टकटक केलं आणि मामांना विचारलं की फसवणुकीबद्दल तुमचं काही म्हणणं आहे का.

फसवणूक मामांच्या सोळा पानांत नव्हती. ‘मला एवढंच येतं,’ ते खाली मान घालून म्हणाले. ‘मात्र असा माल परत मिळवताना जर मालकाने स्वतःच...’

‘...कोणास भुलवले असेल,’ बाकावरून आवाज आला, ‘तर त्याचा हेतू मुळात लबाडीचा होता काय, हे आधी पाहावे.’

पुढचा छताकडे बघून बोलत होता. ठाण्याचा पंखा सगळ्यांना सारखा वारा देत होता. मामा सावकाश वळले. नऊ वर्षांनी त्यांनी त्या माणसाचा चेहरा समोरून बघितला आणि त्यांना वाटलं, बराच म्हातारा झालाय की.

‘ते तुमच्यापाशी होतं होय,’ मामा म्हणाले.

‘आणि सुरुवात तुमच्यापाशी,’ पुढचा म्हणाला. ‘माझं पहिलं पान मधूनच सुरू होतं. दोन महिने झाले, डोक्याला नुसता भुंगा. कोणी भुलवलं, कशासाठी भुलवलं, काही पत्ता लागेना. मालक होता होय तो.’

‘मालकच,’ मामा म्हणाले.

अंमलदार बाईंनी दोघांचं बोलणं संपायची वाट बघितली. मग दुकानदाराला विचारलं की हे नेमकं काय बोलले आणि काय ठेवून गेले. दुकानदाराने मामांच्या काखेतली छत्री काढून दाखवली. बाईंनी दांड्यावरचा कागद वाचला. गल्ली वाचली, मजला वाचला, दार जोरात ठोठावावे हे दोनदा वाचलं. पत्ता ठेवून पळणारा लबाड मला अजून भेटायचाय, असं म्हणून त्यांनी छत्री मामांना परत केली. दुकानदारालाही ते पटलं. त्याचं म्हणणं, सायकल मिळाली की त्याची कोणाशी दुश्मनी नव्हती, आणि खरं तर ती परत मिळाली नसती तरी फार वाईट वाटलं नसतं.

‘यापुढे काय आहे तुमच्या पानांत?’ बाईंनी पुढच्याला विचारलं.

पुढचा जरा ओशाळला. त्याचाही फर्मा अर्ध्यावरच संपत होता. ‘तथापि अशा प्रसंगी पोलिसांनी,’ तो म्हणाला, आणि थांबला.

सगळे बाईंकडे बघायला लागले.

‘तिथून पुढचं मला पाठ आहे,’ बाई म्हणाल्या. ‘पोलिसांनी सगळ्यांना घरी पाठवून द्यावं.’

दोन्ही कागदांवर आपसात मिटल्याचं लिहून त्यांनी सह्या मागितल्या. मामांचा हात खिशाकडे गेला. बाईंनी हात पुढे करून ते लाल पेन आधी जमा करून घेतलं आणि सह्या झाल्यावरच परत दिलं.

बाहेर सायकल होती तिथेच उभी होती. गडबडीत तिला कोणी कुलूप लावलं नव्हतं. तासभर ती भर रस्त्यावर उघडी होती आणि शेकडो माणसं तिच्या अंगावरून गेली होती. कोणीही तिला हात लावला नव्हता. याचं मामांना थोडं वाईटच वाटलं. त्यांनी सीटवरचं टोपडं सरळ केलं, हँडल दुकानदाराच्या हातात दिलं आणि म्हणाले, उतारावर जपून.

रविवारी सकाळी लांबून चेन वाजताना ऐकू आली. दुकानदार टेबल घेऊन आला होता, सायकलीवरच बांधून. ते खिडकीखाली लागलं. मामींनी त्यावर कापड पसरलं, उभ्या उभ्या एक शर्ट बेतला आणि नंतर बराच वेळ नुसत्याच हात फिरवत उभ्या राहिल्या. समोरच्या मावशी बघून गेल्या. खालचे काका म्हणाले, लाकूड बरं दिसतंय, पण एक पाय लंगडा आहे. नव्हता.

सोमवारी मामा पायी निघाले तेव्हा कळलं की पुढचाही त्याच रस्त्याने पायीच जातो. छापखान्यात गेल्यावर मामांनी खिशातून सायकलीच्या तेलाची उरलेली बाटली काढली आणि पंख्याच्या मानेत चार थेंब सोडले. मान करकरली आणि फिरायला लागली. ती थांबली होती की थांबवली होती, हा विषय कोणी काढला नाही.

संध्याकाळी मामा काखेत नवीन फर्मा घेऊन घरी आले. या वेळी पहिला होता, सुरुवातीपासूनचा. खोलीत पिवळा, स्वच्छ उजेड पडला होता आणि त्यात मामी ताठ उभ्या राहून निळ्या खडूने बाही आखत होत्या. मामांनी बूट काढले. टेबलाच्या कडेला ग्रीसचा एक डाग होता तो बोटाने पुसून बघितला. मग घसा साफ केला.

‘अगं, मी काय म्हणतो, इथे उजेड बरा आहे. एक कोपरा मला मिळेल का? प्रूफं तपासायला.’

मामींनी मान वर केली नाही. बाहीची गोलाई पूर्ण केली, खडू कानामागे खोचला आणि कात्री उचलली.

‘बघू,’ त्या म्हणाल्या.